मुंगळं उतरंपातूर

जयपाल मला आवडत न्हवता. ह्ये आदीच सांगून टाकतो, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नको की हंबीररावानं गोड बोलून आमाला फशिवलं. कारन इचाराल तर मानूस चांगला, ह्येच कारन. कुनाला वाकडं बोलत न्हाई, तमाखू खात न्हाई, फटफटी चालू झाली न्हाई तर तिला लाथ घालत न्हाई. आसल्या मानसाचा राग कसा धरायचा, तुमीच सांगा. तरी मी धरला. येरवाळी उटून धरायचो, ते निजंपातूर सोडायचो न्हाई.

आमी मूळचं तिघं. लढाई सपल्यावर पलटनीच्या फटफट्या पुन्याला मोडीत निघाल्या, तवा मी, नाथाजी आनि लालासाहेब, तिघांनी एकएक आनली. लालासाहेब शिरवळचा, त्यो बी पलटनीतलाच. नाथाजी माज्याच गावचा, कोरेगावापाशी बांदाला बांद. आमी दोघं एका दिवशी भरती झालो, एका आगबोटीनं इटलीला गेलो. तितं माजं काम फटफटीवरनं चिठ्ठ्या पोचवायचं, म्होरं गोळं पडत असलं तरी बी. गाडी वाटंत बंद पडली तर मिस्तरी कुटला यायला? आपलाच हात आनि आपलंच डोस्कं. तवापास्नं फटफटीची नाडी मला कळती. नाथाजीच्या मांडीत लोखंड शिरलं तवा त्येला पेट्रोलच्या टाकीवर आडवा घालून दवाखान्यात न्हेला, त्यो बी मीच. ह्ये मी कुनाला सांगत न्हाई. त्योच सांगतो, आनि मी न्हाई म्हनत न्हाई.

पेट्रोल कुपनावर मिळायचं. वरीसभर थोडं थोडं राखायचं आनि थंडी पडली की तिघांनी जोतिबाच्या डोंगराला जायाचं. जायाचे आमचे नेम व्हते. एकाची गाडी बंद पडली की समद्यांच्या बंद, म्होरं कुनी जायाचं न्हाई. ज्यानं गाडी चालू केली त्येनं पयली भाकरी मोडायची, मग बाकीच्यांनी. आनि पान्यांची पिशवी. पलटनीतली खाकी पिशवी, तीत पाने, तारा, चेनीची कडी, रबराचं तुकडं. पिशवी ज्येच्या गाडीला, त्यो समद्यांच्या म्होरं. पयल्यापास्नं ती माज्या गाडीला व्हती, आनि पयली भाकरी बी मीच मोडायचो. खोटं कशाला बोलू, त्या भाकरीला जी चव असायची ती घरात चुलीम्होरं बसून कवा आली न्हाई. ह्ये आमच्या घरवालीच्या, शालूच्या कानावर घालू नका.

गेल्या थंडीत लालासाहेबाच्या भनीला भेटायला आमी आष्ट्याकडं वळलो आनि नाथाजीच्या गाडीचं मागलं टायर बसलं. ट्यूब अशी फाटली व्हती की ठिगाळ कुटं लावायचं त्येच कळंना. मी म्हटलं, तुमी हितंच बसा, मी बैलगाडी बगतो. उन्हातान्हाचा दोन वस्त्या पालथ्या घातल्या, एका म्हाताऱ्याच्या पाया पडलो, आनि बैलगाडी घिऊन आलो. बगतोय तर टायर टम्म फुगलेलं. चौथी एक फटफटी बाजूला, आरशागत चकचकीत. आनि एक गोरा, उंच गडी बाबळीखाली आमच्यात मांडी घालून बसलेला.

त्यो जयपाल. सांगलीच्या अलीकडं त्येचा मळा, जैनाचं घर. वाटंनं चालला व्हता, थांबला. त्येनं शेजारच्या फडातनं उसाचा पाला आनला, पानी मारून पिळला आनि टायरात दाबून दाबून भरला. ट्यूबच नको. बैलगाडीवाला म्हातारा माज्याकडं बगतोय, मी म्हाताऱ्याकडं. त्ये बी मी गिळलं असतं. पर नाथाजीनं भाकरीचं धडपं सोडलं आनि त्या परक्या गड्याच्या हातात पयली भाकरी दिली. माज्या बायकूनं थापलेली भाकरी. त्येनं मोडली. माज्या अंगाचा तिळपापड झाला. नाथाजी म्हनतोय, हंबीर, बस की गड्या, बग काय डोस्कं हाय ह्येचं. बसलो. घास काय उतरंना.

तवापास्नं वरीसभर माज्या कानात जयपाल. नाथाजी उटसूट सांगलीला जायाचा, आन् आला की सुरू. जयपाल पानी गाळून पितो, पेट्रोल बी फडक्यातनं गाळून वततो, म्हनून त्येच्या गाडीत कवा कचरा अडकत न्हाई. जयपाल गाडी पुसल्याबिगार निजत न्हाई. जयपाल दिवस मावळायच्या आत जेवतो. दिवस मावळायच्या आत! एकदा मला हिवताप भरला व्हता, कराडच्या अलीकडं मी थरथरत गाडी हाकत व्हतो, तवा कुनी म्हटलं न्हाई की हंबीर, थांब. आता जयपालचं जेवान चुकू नये म्हनून ह्ये दोघं मावळतीला हात धरून दिवस किती उरलाय त्ये बगायला शिकलं. आमी लढाईत रात रात उपाशी काढल्या, आनि आता चार वाजल्यापास्नं भाकरीची चवकशी.

आनि त्ये पुसनं. त्यो आमच्याकडं आला, आमी तिघं बसलो, लढाईच्या गोष्टी निघाल्या की ह्यो गडी उटायचा, फडकं काढायचा आनि गाडी पुसत बसायचा. पुसलेलीच पुसायचा. मी मनात म्हनायचो, दाव लेका, दाव तुजी चकाकी. आमच्या फटफट्या चिखलात लोळून आल्यात, तुजी आंगनात लाडात वाढली.

तर ह्या खेपंला, पंदरा ऑगष्ट झाला त्या थंडीत, आमी निगालो. कराडावरनं नीट कोल्हापूरची वाट धरली की जोतिबा. पर न्हाई. वाट वाकडी करून सांगलीकडं जायाचं, तितं मुक्काम करायचा, मग जोतिबा. का? तर जयपालला घ्यायचा. कुपनाचं पेट्रोल, जपून जपून वापरायचं, आनि त्ये ह्येच्यापायी जाळायचं. कुनाची म्हस आनि कुनाला उठाबस!

कराडला च्या पिताना नाथाजी सहज म्हनावं तसं म्हनला, "हंबीर, जोतिबावर गेल्यावर पिशवी जयपालकडं दिऊ या का? त्येचा हात लय बेस चालतो. तुला बी वझं कमी."

मी म्हटलं, बगू. कपातला च्या तसाच ऱ्हायला. आता वझं कुटलं आलं त्यात? पाच-सात पाने आनि चार तारा. पर त्या पिशवीबरुबर म्होरची जागा जानार, पयली भाकरी जानार, आनि नाथाजी वळून बगायचा त्यो माज्याकडं न्हाई, त्या गोऱ्याकडं. मी ठरिवलं, जोतिबा यायच्या आत ह्या दोघांना दावायचं की पिशवी कुनाची. गाडी कुनाची तरी बंद पडू दे रं देवा, म्हटलं.

देवानं ऐकलं, आनि माजीच बंद पाडली.

जयपाल आमाला घ्यायला इस्लामपुरापातूर आला व्हता. तितनं म्होरं आष्ट्याच्या वाटंला खड्डंच खड्डं. पेट्रोलचा वास आला म्हनून खाली बगतोय तर टाकीच्या बुडाचा सांदा उकललेला, आनि थेंब थेंब इंजनावर. समद्यांच्या गाड्या थांबल्या. जयपालनं खिशातनं साबनाची वडी काढली. साबनानं पेट्रोल अडतं, ह्ये मला बी ठावं हाय. पर त्येच्या हातचा साबन लावला की भाकरी त्येनं मोडायची. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या जयपालराव, हात धुवायला हुईल.

पलीकडंच गुऱ्हाळ पेटलं व्हतं. आमच्या आज्यानं हिरीचं बांदकाम गूळ-चुन्यात केलेलं, आजून चिरा हाललेला न्हाई. आनि गूळ काय पेट्रोलात इरगळत न्हाई. मी गुळव्याकडनं कढत गूळ आनला, नाथाजीच्या चंचीतला चुना घेतला, पेट्रोल काढून घिऊन गाडी आडवी केली आनि सांदा लिपला. इंजान आजून तापलेलं, त्येच्यामुळं गुळाचा बराच रगडा वघळून पार खालपातूर गेला. जाऊ दे. लिपलेलं गार झालं, दगडागत झालं, पेट्रोल वतलं, थेंब न्हाई. लालासाहेबानं टाकीखालनं बोट फिरवलं आनि वास घिऊन कोरडं म्हनून दावलं.

मी पयली भाकरी मोडली. दिवस मावळायच्या आत, जयपालसाठी, पर मोडली मी. उरलेल्या गुळाचा खडा म्होरल्या वक्ताला लागंल म्हनून पान्यांच्या पिशवीत टाकला. बेतच आसा झाला व्हता की त्या वक्ताला सरकार मला मंत्री करतो म्हनलं असतं तर मी न्हाई म्हटलं असतं.

जयपाल मळ्यात पोचल्यावर हळूच माज्यापाशी आला. म्हनला, हंबीरराव, टाकी झ्याक धरली. तेवढी चाकं आनि गाडी उभी करायची घोडी पानी भरल्या परातीत ठिवा, अव्वा पराती देती. गूळ हाय, मुंगळं येतील.

अव्वा म्हंजी त्येची आई, गुणमालाबाई. पराती काढून तयार उभी. घरात दुधाच्या कपाटाखाली आसंच पानी ठिवत्यात, मला ठावं न्हाई का? पर माजं डोस्कं भडकलं. माजं काम झ्याक म्हनतो आनि त्येच्याखाली आपली परात सारतो. मी म्हटलं, माजी फटफटी काय दुधाचं शिंकं हाय व्हय? लढाईत तोफंला भ्याली न्हाई, मुंगळ्याला भिईल? पराती परत आत गेल्या.

उजाडल्यावर अंगनात आलो आनि माजीच गाडी मला वळखंना. निम्मी गाडी काळी, आनि ती काळी निम्मी हालत व्हती. भितीच्या बुडापास्नं मुंगळ्यांची रांग आलेली, चाकावरनं चढलेली, इंजनाच्या पापुद्र्यापापुद्र्यात शिरलेली. पान्यांच्या पिशवीचं तर त्वांडच दिसंना. नाथाजी आनि लालासाहेब पोट धरून हसाय लागलं. मी वलं पोतं उचललं. म्हटलं, एका झटक्यात झाडतो, न्हाईतर इंजान चालू करतो, भाजून निगतील समदी.

जयपालनं माजं मनगट धरलं. त्येच्या हातात एवढा जोर असंल आसं वाटलं न्हवतं.

"हंबीरराव, ह्या अंगनात न्हाई," त्यो म्हनला. "एक बी मारायचा न्हाई. उतरंपातूर थांबायचं."

गुणमालाबाई आतनं गव्हाचं पीठ आनि साखर घिऊन आली. माज्याकडं बगितलं बी न्हाई, चाकापास्नं कुंपनापातूर बारीक रेग वढत गेली. पोरी रांगोळी काढत्यात तशी. मुंगळ्यांना आवतान!

आता थांबा. जोतिबाला दुपारपातूर पोचायचं, त्ये गेलं. नाथाजीला काय, त्यो हिरीवर पोहायला गेला. लालासाहेब फडात ऊस मोडायला गेला. अंगनात मी, जयपाल आनि मुंगळं. आनि ह्या गड्यानं काय करावं? फडकं काढलं आनि आपली गाडी पुसाय लागला.

माजा तोल गेला. मी म्हटलं, जावा तुमी तिघं म्होरं. पिशवी बी घिऊन जावा, तसं बी ती जोतिबावर तुमालाच द्यायची ठरलीया. आनि पुसा गाडी, आजून चकचकीत करा, म्हंजी नाथाजीला लांबनं दिसंल.

जयपालचा हात थांबला. त्येला पिशवीचं ठावं न्हवतं, त्येच्या तोंडावरनं कळलं. थोडा येळ फडकं नुसतं हातात चुरगाळलं. मग म्हनला, एक जन थांबला की समद्यांनी थांबायचं, ह्यो नेम तुमचाच हाय न्हवं? नाथाजीनंच सांगितलंय. मी म्हटलं, नाथाजी तुमाला समदंच सांगतो वाटतं.

"सांगतो की," त्यो म्हनला. "माजी एक गोष्ट ऐकतो आनि मग तुमच्या धा सांगतो. हंबीरनं आसं केलं, हंबीरनं तसं केलं. तुमी तिघं लढाईचं बोलाय लागला की मी काय बोलू वो? मी बेळगावाच्या पलीकडं काय बगितलं न्हाई. हातानं कायतरी करावं म्हनून फडकं घेतो. तुमाला वाटलं दावायला पुसतो?"

वाटलंच व्हतं, काय सांगनार.

"लय हेवा वाटतो मला तुमचा," जयपाल म्हनला. "पिशवी मिळंल मला आज ना उद्या. पर नाथाजीला टाकीवर घालून न्ह्यायचं मला कुटनं मिळायचं?"

आता तुमाला वाटंल माजा जीव भरून आला. कशाचा! मला आसा आनंद झाला की उटून त्या अंगनात नाचावं. ह्यो बी जळत व्हता! वरीसभर, रोज, माज्यावर! मी हिकडं निजताना दात खात व्हतो, आनि तिकडं ह्यो पानी गाळून पिनारा, मुंगळ्याला न मारनारा मानूस फडकं चुरगाळत माज्या नावानं जळत व्हता. त्या घडीला जयपाल मला पयल्यांदा आपला वाटला. चांगल्या मानसाबरुबर काय दोस्ती करायची? जळका असला की कसं, बोलायला बरं पडतं.

मी म्हटलं, लेका जयपाल, आदी न्हाई का बोलायचं. आनि त्येच्या शेजारी उकिडवा बसलो. त्येनं मोराची दोन पिसं आनली, एक मला दिलं. इंजनाच्या पापुद्र्यातनं एकएक मुंगळा पिसावर घ्यायचा आनि पिठाच्या रेगंवर सोडायचा. जन्मात आसलं काम केलं न्हवतं. काम करता करता त्येनं हळूच इचारलं, नाथाजी टाकीखालचा पेट्रोलचा काक कवाच बंद करत न्हाई, तुमच्या ध्येनात आलंय का? मी म्हटलं, आलंय का? वरीसभर त्येचा काक मीच बंद करत फिरतोय. त्यो म्हनला, माज्या मळ्यात आला की मी करतो. मग काय, बांदच फुटला. नाथाजी पाना वापरून चिखलात टाकतो. नाथाजी मांडीतल्या लोखंडाची गोष्ट सांगतो तवा दर खेपंला लोखंड बोटभर वाढतं. आता वीतभर झालंय, जयपाल म्हनला, म्होरल्या वर्सी पहार हुईल. मला मोराचं पीस धरता येईना, आसं हसू आलं. जयपाल डोळं पुसत व्हता, त्येच फडक्यानं.

तवर नाथाजी हिरीवरनं आला, वल्या केसाचा. दारातच उबा ऱ्हायला. म्हनला, काय झालं रं, येवढं कशाचं हसताय? मी जयपालकडं बगितलं, जयपालनं माज्याकडं. दोघं बी एकदमच म्हटलं, काय न्हाई. आनि परत हसू फुटलं.

शेवटचा मुंगळा उतरला तवा दिवस डोक्यावर आला व्हता. पिशवीतला गुळाचा खडा जयपालनं कुंपनाला ठिवला, पाने पुसून पिशवीत भरले आनि पिशवी माज्या गाडीला आपल्या हातानं बांदली. बुडाच्या लिपलेल्या सांद्यावर बोट फिरवून म्हनला, आजून कोरडं हाय. खरंच व्हतं. निगालो, तर जयपाल आनि मी शेजारी शेजारी, रस्ता रुंद असंल तितं. एकदा त्येची गाडी फुरफुरली, आमी समदं थांबलो. मी पिशवी उघडली, त्येनं मागितला त्यो पाना देत गेलो. गाडी चालू झाली तवा पयली भाकरी कुनी मोडायची ह्येचा वाद घातला. त्यो म्हनतो पिशवी तुमची, मी म्हनतो हात तुजा. शेवटी दोघांनी दोन बाजूनं धरून मोडली. नाथाजी बाजूला बसून चटनी चाटत व्हता. कुनी त्येला वाडायच्या आदीच.

जोतिबावर दिवस कलला. गुलालानं चौघं लाल. पायरीवर बसलो व्हतो. जयपाल आनि लालासाहेब खोबरं आनायला गेलं, आनि नाथाजी सरकत सरकत माज्यापाशी आला. त्वांड उतरलेलं. कपाळावर गुलाल आनि डोळं खाली. त्ये त्वांड मी लगीच वळखलं, वरीसभर माज्याच मानंवर व्हतं.

म्हनला, हंबीर, पिशवी ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. मग त्येनं इचारलं, तवा अंगनात माज्यावरच हसत व्हता न्हवं दोघं? मी म्हटलं, छे, मुंगळ्यावर. त्येला पटलं न्हाई. पायरीवरचा गुलाल नखानं खरडत बसला.

"गड्या," त्यो शेवटी म्हनला, "म्होरल्या थंडीला आपन दोघंच जाऊ या का? पयल्यावानी. नीट कराडावरनं."

वरीसभर मी ह्येच ऐकायला कान लावून बसलो व्हतो. देवाच्या दारात बसलोय, खोटं बोलनार न्हाई, लय गार वाटलं. जरा येळ तसंच वाटू दिलं.

मग मी म्हटलं, "बगू. जयपालला इचारून सांगतो."